हात धरून पाहायचा राहिला

गजघाटे सरांना दोन गोष्टींचा भयंकर राग यायचा. वर्गात एखाद्याने प्रयोग न करताच वहीत निरीक्षण लिहून आणलं तर, आणि कोणी नजर, दृष्ट, काळा दोरा, बाहेरचं, असलं काही तोंडातून काढलं तर. पहिल्या रागापायी त्यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत किती वह्या फाडल्या याची गणती नाही. दुसऱ्या रागापायी जरीपटक्यातल्या त्यांच्या गल्लीत बायका लिंबू-मिरची विकत घ्यायच्या तर सरांचं दार ओलांडून पुढच्या वळणावर जाऊन घ्यायच्या.

राग वडिलोपार्जित होता. छप्पन साली सरांचे वडील धोंडबा गजघाटे यांनी वर्षाच्या प्रेमानंदाला खांद्यावर बसवून दीक्षेला नेलं आणि परत आल्यावर घरातले सगळे देव टोपलीत भरून पाण्यात सोडले. तेव्हापासून त्या घरात सटवाई नाही, उतारा नाही, पाचवीची पूजा नाही. प्रेमानंद शिकून विज्ञानाचे मास्तर झाले तेव्हा धोंडबांना आपल्या टोपलीचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. सरांना त्याचा अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. फार तर थोडा जास्तच दाखवला.

भिंतीला भिंत लागून प्रयागबाईंचं घर होतं. बाई आर्वीकडच्या खेड्यातली, एकटी राहायची, मुलगा पुण्याला. गल्लीतल्या निम्म्या लेकरांची दृष्ट तिने काढलेली. मीठ-मोहरी ओवाळायची, चुलीत टाकायची, तडतडलं की समाधानाने म्हणायची, पाहा, किती लागली होती. सर तिला पाहिलं की पृष्ठभागावरचा ओलावा आणि मोहरीतलं तेल यांवर बोलू लागायचे. ती पदर तोंडाला लावून ऐकायची. भांडण असं नव्हतं, पण दोघांनीही एकमेकांना वाया गेलेलं माणूस मानलं होतं.

सात वर्षांपूर्वी फेब्रुवारीत सरांना नात झाली. सुनेला, मेघाला, माहेर उरलं नव्हतं. तिची आई आधीच गेली होती. सरांची बायको माया, तीही त्याच्या तीन वर्षं आधी गेलेली. मुलगा धम्मदीप चंद्रपूरला नोकरीवर. म्हणजे घरात बाळंतीण, बाळ आणि विज्ञानाचा निवृत्त शिक्षक एवढेच. बाळंतपण लांबलं होतं, पण बाळ रडलं, दूध प्यायलं, तिसऱ्या दिवशी सकाळी घरी आलं. सरांनी नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, चारुशीला. आईबापांनी ऐकून घेतलं आणि चारू म्हणायला सुरुवात केली.

त्याच संध्याकाळी प्रयागबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आली. मेघाचा आत डोळा लागला होता. बाहेरच्या खोलीत सर पाळण्याशी बसले होते. बाईने पाळण्यात वाकून पाहिलं आणि वाकलेलीच राहिली.

"गुरुजी, पोरीचा हात पाहा नं जरा. हा उजवाच उडून राहिला. अन् तोंड कसं चुटूचुटू करते पाहा. दूध तर तोंडात नाही."

सरांनी पाहिलं. मूठ ठराविक अंतराने हलत होती.

"मले काही बरं नाही वाटत. बाहेरचं लागल्यावानी दिसते. दाखवून द्या कोणाले तरी."

झालं. 'बाहेरचं' हा शब्द कानावर पडला आणि पुढचं 'दाखवून द्या' सरांना ऐकू आलंच नाही, किंवा आलं ते भगताला दाखवून द्या असं आलं. सर हसले. साधं हसले नाहीत, पोट धरून हसले. मग त्यांनी नवजात बाळाच्या नसा कशा कच्च्या असतात, आवाजाला ते कसं दचकतं, त्याला काय म्हणतात, हे सगळं दहावीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं. तेवढ्यात मूठ आपोआप थांबली.

"पाहा," सर म्हणाले, "गेलं तुमचं बाहेरचं. मीठ-मोहरी वाचली."

प्रयागबाईने डबा स्टुलावर ठेवला आणि ती निघून गेली. सर बराच वेळ खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाजताना बाळाचे ओठ निळे पडले. उजवा हात उडत होता, डोळे एका बाजूला गेले होते. मेघाच्या किंकाळीने गल्ली गोळा झाली. ऑटोने रामदासपेठेतल्या एका बाळांच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी काचेच्या पेटीत ठेवून सुई लावली, औषध दिलं. झटके थांबले. मग ते कागद घेऊन बाहेर आले.

"पहिल्यांदा कधी दिसलं असं?"

मेघाला रडण्यातून बोलता येत नव्हतं. डॉक्टरांनी सरांकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळची मूठ सरांच्या डोळ्यांसमोर होती, आपलं हसूही कानात होतं.

"आज," सर म्हणाले. "आज दुपारीच."

डॉक्टरांनी लिहिलं, चौथा दिवस. लिहून झाल्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली, कोणी विचारलं नसताना. बाळ दचकून हात हलवत असलं, तर आपण तो हात धरला की थांबतो. झटका असला, तर धरलेल्या हातातही तो ठोके देत राहतो. "पुढे कधी शंका आली तर एवढंच करा. हात धरून पाहा. एका सेकंदाचं काम आहे."

एकतीस वर्षं पोरांना प्रयोग केल्याशिवाय निरीक्षण लिहायचं नाही म्हणून ओरडणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. एका सेकंदाचा प्रयोग होता, साहित्यात एक हात लागत होता, आणि तो त्यांनी केला नव्हता. सरांना स्वतःची लाज वाटली. इतकी की खरं सांगायला हीच वेळ आहे हे कळत असूनही जीभ उचलली नाही.

मेंदूच्या फोटोत डाव्या बाजूला एक डाग निघाला. जन्माच्या आसपास कधीतरी तेवढ्या भागाला रक्त कमी पडलं होतं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. जन्मल्या जन्मल्या झटके आलेल्या शंभर बाळांतल्या पंधरा-वीस जणांना पुढे मिरगी होते, कोणाला वर्षाच्या आत, कोणाला शाळेत जायला लागल्यावर. हिच्या मेंदूत डाग आहे म्हणून हिला थोडं जास्त धरा. बाकीच्यांना पुन्हा काही होत नाही. आपलं बाळ कोणत्या बाजूला पडेल हे आज कोणी सांगू शकत नाही. वाट पाहायची, लक्ष ठेवायचं, आणि इतर लेकरांसारखंच वाढू द्यायचं.

सहा महिन्यांनी औषध बंद झालं. चारू वेळेवर बसली, वेळेवर चालली, वेळेच्या बरीच आधी बोलायला लागली. उजव्या हाताची पकड थोडी कच्ची राहिली, ती पिठाचे गोळे मळवून मळवून सुधारली. आणि सरांनी मनाशी एक करार केला. पोरगी ठणठणीत राहिली, तर तो एक दिवस कोणाच्या काही कामाचा नाही, सांगायची गरज नाही. पुन्हा झटका आला, तर सांगायचं. करार त्यांच्या सोयीचा होता हे त्यांनाही दिसत होतं. रविवारी विहारात पंचशील म्हणताना पहिली तीन शीलं ते खणखणीत आवाजात म्हणायचे. चौथं, खोटं न बोलण्याचं, आलं की खोकला यायचा. सात वर्षं दर रविवारी माणसाला नेमका त्याच जागी खोकला येतो, हे विहारातल्या कोणाच्या लक्षात आलं नाही. लोक आपापल्या शीलात असतात.

सवयी मात्र बदलल्या. चारूचा हात जरा हलला की सर तो धरायचे. जेवताना, टीव्ही पाहताना, रस्त्याने जाताना.

"आबा, सोडा नं! मी डोकं खाजवून राहिली."

"हो का? खाजव."

"पहिले सोडा तर!"

पोरीला वाटायचं, आबाला हात धरायची आवड आहे.

प्रयागबाईही बदलली होती. त्या दिवसानंतर तिने सरांच्या घरातल्या कोणाच्या तब्येतीवर चकार शब्द काढला नाही. लाडू द्यायची, लोणचं द्यायची, चारूला मांडीवर घेऊन गोष्टी सांगायची, पण कोणी शिंकलं तरी गप्प. सरांना वाटायचं, बाई सुधारली. आपल्या शिकवण्याचा परिणाम झाला असं त्यांनी एकदा मेघाला सांगितलंसुद्धा. 

चारू सात वर्षांची झाली, दुसरीत गेली. नोव्हेंबरातल्या एका रविवारी विहारातून आल्यावर ती ओट्यावर बसून चित्र रंगवत होती. शेजारच्या ओट्यावर प्रयागबाई सुपात तांदूळ निवडत होती. सर पेपर वाचत होते, मेघा मागे कपडे धूत होती. हिरवी पेन्सिल गडगडत सरांच्या पायाशी आली. सरांनी वर पाहिलं. चारूचा उजवा हात कागदावर आपटत होता, तोंड उजवीकडे ओढलं गेलं होतं, आणि ती सरांकडे पाहत असूनही पाहत नव्हती.

सात वर्षं याची तालीम केली होती म्हणून सर हलू शकले. त्यांनी तिला खाली घेतलं, डाव्या कुशीवर वळवलं, डोक्याखाली पेपरची घडी सारली, गळ्याचं बटण काढलं. तोंडात काही घातलं नाही. मग तो हात धरला. धरलेल्या हातात ठोके येत राहिले. एक, एक, एक. सर भ्यायले. एवढे ते आयुष्यात कधी भ्यायले नव्हते.

"प्रयागबाई, घड्याळ पाहा! किती वाजले?"

ती तोंडाला पदर लावून उभी होती. आत डोकावून तिने सांगितलं, "अकरा न् दहा." कांदा नाही, चप्पल नाही, मीठ-मोहरी नाही. सांगितलं तेवढंच केलं. ठोके विरळ होत थांबले तेव्हा अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. चारू गाढ झोपली. मेघा फेसाच्या हातांनी धावत आली आणि लेकीशेजारी बसली. तिने विचारलं नाही काय झालं ते. तिला विचारावं लागलंच नाही.

त्या दिवशी तातडीने दाखवून आणलं, आणि सोमवारी जुनी फाईल घेऊन पुन्हा त्याच रामदासपेठेतल्या दवाखान्यात गेले. म्हातारे डॉक्टर आता बसत नव्हते. त्यांच्या खुर्चीत डॉक्टर काळबांडे बाई होत्या, मेंदूच्या डॉक्टर. वय असेल पस्तीस. धम्मदीपला सुट्टी मिळेना, त्यामुळे आत मेघा, सर आणि मधल्या स्टुलावर चारू.

"जन्मानंतर पहिला झटका कोणत्या दिवशी?" बाईंनी विचारलं.

मेघाने फाईल उघडली. "चौथ्या दिवशी. दुपारी."

सरांचा करार पुरा होण्याची वेळ आली होती. घशात खोकला आला, तो त्यांनी गिळला.

"चौथ्या नाही," ते म्हणाले. "तिसऱ्या. संध्याकाळी. शेजारच्या बाईनं मले दाखवलं होतं, कोणाले तरी दाखवून द्या म्हणाली होती. मी हासलो तिले. अन् दुसऱ्या दिवशी डॉक्टरले मी खोटं सांगतलं."

मेघाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती फाईलचा दुमडलेला कोपरा सरळ करत राहिली.

"मले एवढंच सांगा," सर म्हणाले, "त्या एका दिवसानं हे झालं का?"

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. "एक दिवस आधी आणलं असतं तर झटके एक दिवस आधी थांबले असते, हे खरं. पण मेंदूला डाग पडला तो त्याच्याही आधी, तो तुमच्या हातात नव्हता. त्या दिवसाने किती फरक पडला, ते मला सांगता येणार नाही. कोणी छातीठोक सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आज माझ्या औषधात त्याने काही बदलत नाही." त्यांनी तरीही 'चौथा' खोडून 'तिसरा' लिहिलं. सात वर्षं उरावर बसलेली गोष्ट एका रेघेत संपली. सरांना हलकं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही.

"आता मला सांगा, कालच्या आधी, मोठी झाल्यावर असं कधी झालं होतं?"

"नाही," सर लगेच म्हणाले. "पहिल्यांदाच. माझं लक्ष असते."

"मी चारूला विचारते आहे."

चारूने आधी आबाकडे पाहिलं. मग स्वतःच्या बुटांकडे.

"दोनदा," ती म्हणाली.

 डॉक्टर बाई तिच्यासमोर वाकल्या. "कसं झालं होतं?"

"हात माझा माझाच उडते. मी थांब म्हणते तर थांबत नाही. एकदा शाळेत डबा खाताना झालं, अन् एकदा दिवाळीच्या सुट्ट्यांत. थोडंसंच. मंग थांबते."

"कोणाला सांगितलं होतंस?"

"प्रयागआजीले."

"आईला नाही? आबांना नाही?"

"आबा म्हणते, बाहेरचं असं काही नसते म्हणून." चारूने उजव्या पायाचा मोजा खाली ओढला. घोट्यावर काळा दोरा होता, दोन गाठींचा. "आजीनं हे बांधून देल्लं. दोन झाले म्हणून दोन गाठी."

मेघाने दोरा दिवाळीतच पाहिला होता. पोरींची फॅशन असेल, असं समजून ती गप्प बसली होती, आणि सरांच्या नजरेला पडून घरात महाभारत होऊ नये म्हणून तिनेच चारूला रोज लांब मोजे घालायला लावले होते. हे तिने तिथेच सांगून टाकलं, सगळेच सांगत होते म्हणून.

"मग कालचा पहिला नव्हता, तिसरा होता," डॉक्टर बाई म्हणाल्या. आता त्या भराभर लिहीत होत्या. "हे फार महत्त्वाचं आहे. एकच असता तर आपण थांबून पाहण्याचा विचार केला असता. तीन म्हणजे मिरगी आहे असंच धरायचं. आज मेंदूचा आलेख काढू, आजपासून औषध. निदान दोन वर्षं, एकही दिवस न चुकवता. बहुतेक मुलांचे झटके औषधाने आटोक्यात येतात. शाळा, खेळ, सगळं चालू. फक्त पाण्यात एकटी नको." मग चारूकडे वळून त्या म्हणाल्या, "तू छान सांगितलंस. पुन्हा झालं तर असंच सांगायचं."

आलेखासाठी डोक्याला तारा लावून चारू आत झोपली होती तेव्हा सर आणि मेघा बाहेरच्या बाकावर बसले. 

"पहिले सांगतलं असतं," मेघा म्हणाली, "तर मी तुमाले काही बोलली असती का, बाबा?"

"नसती बोलली?"

मेघाने विचार केला. "बोलली असती," ती म्हणाली. "लय बोलली असती. पण आतापर्यंत बोलून झालं असतं."

मग ती उठली आणि चारूचे बूट घेऊन दाराशी जाऊन उभी राहिली.

घरी आल्यावर औषधाचा पहिला चमचा गेला. चारूने तोंड वाकडं केलं आणि गूळ मागितला. सरांनी तो दिला, चपला घातल्या आणि ते शेजारच्या ओट्यावर गेले. सात वर्षांत ते त्या ओट्यावर कधी बसले नव्हते. प्रयागबाई सूप घेऊन बसली होती. त्यांना येताना पाहून तिने सूप बाजूला सारलं आणि ती दोन बोलणी खायच्या तयारीने बसली.

"तो दोरा मीच बांधला, गुरुजी," ती आधीच म्हणाली. "तोडून टाका. मले राग नाही."

"दोऱ्याचं नाही." सरांना वाक्य सुरू करायला जमेना. दवाखान्यात डॉक्टरसमोर जमलं ते इथे जमत नव्हतं. "तेव्हा, पोरगी तीन दिवसाची होती तेव्हा, तुमी म्हनलं ते खरं होतं. मी हासलो, ते चुकलं माझं."

प्रयागबाईने मान हलवली. हे तिला नव्याने कळत होतं असं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"पण आता," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला, कारण त्यांना राग येत होता आणि कोणाचा ते ठरत नव्हतं, "आता पोरीनं तुमाले दोनदा सांगतलं. दोनदा! लेकराचा हात उडून राहिला, तुमाले ठाऊक, अन् भिंतीच्या इकडं मी बसलो, मले ठाऊक नाही. मले काहून नाही सांगतलं, प्रयागबाई?"

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

"सांगतलं होतं नं जी," ती म्हणाली, "एकदा."

मग तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. सर उठले नाहीत.